गाडीतला आवाज सुधारायचाय? आधी हे वाचा, मग दुकानात जा

भोकरदन (प्रतिनिधी) : कापसाचे नाहीतर सोयाबीनचे चार पैसे हातात आले की बरेच जण पहिल्यांदा गाडीकडं बघतात. सीट कव्हर होतं, टायर होतात, मग नंबर लागतो टेपचा. टेप जाऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्याकडं शब्द तोच राहिलाय. "कंपनीचा टेप काही वाजत नाही राव, जरा चांगला बसवून टाक," असं म्हणत गाडी दुकानाच्या दारात लागते आणि दोन-तीन तासांत दहा-पंधरा हजार रुपये जातात. आवाज मोठा होतो, पण चांगला होतोच असं नाही. कधी कधी तर गाडीच धोक्यात येते.

हे ऐकून सांगत नाही, स्वतःवर आलेलं सांगतोय. सेकंडहँड घेतलेल्या छोट्या पेट्रोल गाडीत मी एका दुकानातून अ‍ॅम्प्लिफायर आणि डिक्कीत ठेवायचा बास ट्यूब असं पॅकेज बसवलं होतं. पंधरा दिवस खूश होतो. मग चतुर्थीला घरच्यांना घेऊन राजूरला गणपतीच्या दर्शनाला निघालो. मागं आई, बायको, दोन पोरं. अर्ध्या रस्त्यात रबर जळाल्याचा वास यायला लागला. आधी वाटलं, बाहेर कोणी टायर पेटवलं असंल. पण पायाजवळून बारीक धूर निघाला. सगळ्यांना खाली उतरवलं, बोनेट उघडलं आणि सोबतच्या मेहुण्यानं दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं टर्मिनल काढलं. दोन मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

नंतर एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियननं गाडी खोलून दाखवली. बॅटरीवरून निघालेली जाड वायर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून सरळ आत घातली होती. भोकाला रबरी बुच नव्हतं. पत्र्याच्या धारेवर घासून वायर सोलली गेली आणि पत्र्याला टेकली. बॅटरीजवळ फ्यूजही नव्हता. शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण तिच्यावाचून अख्खी गाडी गेली असती.

त्या दिवसापासून या विषयाच्या मागं लागलो. जे समजलं ते सोप्या भाषेत खाली देतोय.

कंपनीचा आवाज पत्र्यासारखा का वाजतो?

गाडी विकत घेताना आपण मायलेज विचारतो, एसी विचारतो, एअरबॅग विचारतो. स्पीकर किती ग्रॅमचा आहे, हे कोणी विचारत नाही. त्यामुळं कंपन्या तिथं पैसे वाचवतात. कमी किमतीच्या मॉडेलमध्ये पातळ कागदी कोन, छोटं मॅग्नेट आणि प्लास्टिकची फ्रेम असलेले स्पीकर येतात. काही बेस मॉडेलमध्ये तर नुसत्या वायरी काढून ठेवलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांत आवाज वाढवत नेला की सिस्टीम स्वतःहून बास कमी करते. छोटा स्पीकर फाटू नये म्हणून ही सोय कंपनीनंच केलेली असते. म्हणून कमी आवाजात गाणं गोड लागतं आणि वाढवलं की नुसतं कर्कश होतं.

महागड्या मॉडेलमध्ये मात्र हाच विषय जाहिरातीत पुढं केलेला असतो. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये वरच्या मॉडेलला सोनीचे १२ स्पीकर आले. महिंद्राच्याच एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाडीत हरमन कार्डनचे १६ स्पीकर आहेत. हरमन कार्डन, जेबीएल आणि इन्फिनिटी ही तिन्ही नावं एकाच हरमन कंपनीची. २०१७ पासून ही कंपनी सॅमसंगच्या मालकीची आहे आणि तिचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. पण सोळा स्पीकर बघून आपल्या गाडीत सोळा बसवायची गरज नाही. दोन चांगले स्पीकर नीट बसवले तरी फरक कळतो.

टाळ, बुवा आणि पखवाज

आवाज म्हणजे काय, हे समजायला कीर्तन आठवा. टाळाचा आवाज बारीक आणि धारदार असतो. बुवांचा आणि पेटीचा आवाज मधला. पखवाजाची डावी बाजू, जिला कणिक लावतात, तिचा घुमार खोल असतो. गाडीतल्या स्पीकरचं काम याच तीन भागांत वाटलेलं आहे.

टाळाचं काम ट्विटर करतो. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा असतो. बुवांचा आवाज दारातला सहा-साडेसहा इंची स्पीकर काढतो. पखवाजाचा खोल घुमार काढायला मोठा स्पीकर लागतो, त्याला सबवूफर म्हणतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्यातला ८० हर्ट्झच्या खालचा भाग दारातल्या छोट्या स्पीकरला नीट झेपत नाही.

आपल्याकडं चूक अशी होते की, तिन्ही भागांतला फक्त एकच आपण विकत घेतो, बास. मग गाडी हादरते, नंबरप्लेट खडखडते, पण बुवा काय म्हणतायत ते शब्द कळत नाहीत. सिस्टीम चांगली की वाईट हे ओळखायचं असेल तर भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावा. टाळ वेगळे, आवाज वेगळा आणि पखवाज वेगळा ऐकू आला तर सिस्टीम चांगली. सगळा काला झाला तर सिस्टीम कितीही हजारांची असो, पैसे पाण्यात गेले असं समजा.

वॉटचा घोळ

डब्यावर लिहिलेलं असतं १००० वॉट, २००० वॉट. हा आकडा बहुतेक वेळा पीएमपीओ किंवा मॅक्स असतो, म्हणजे क्षणभरासाठी कागदावर काढलेली ताकद. आपल्या कामाचा आकडा आरएमएस. बैल शर्यतीत क्षणभर किती पळतो ते मॅक्स, आणि दिवसभर औत किती ओढतो ते आरएमएस. आपल्याला औत ओढणारा पाहिजे.

कंपनीच्या टेपवर "५० वॉट गुणिले ४" असं लिहिलेलं असतं, त्याचा हिशोब बघा. गाडी चालू असताना जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ गुणिले १४.४ भागिले ४ केलं की ५१ च्या पुढं आकडा येतो. डब्यावरचे ५० तिथून आलेले असतात. पण एवढी ताकद आवाज पूर्ण फाटल्यावरच निघते. स्वच्छ आवाजात त्याच टेपमधून दर स्पीकरला १५ ते २० वॉटच मिळतात. यात टेपचा दोष नाही, १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट एवढंच शक्य असतं. त्यापुढं जायचं तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, कारण तो आतल्या आत व्होल्टेज वाढवून घेतो.

दुसरा मुद्दा म्हणजे वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॉटला फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला थोडासा फरक जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून स्पीकर घेताना डब्यावर "सेन्सिटिव्हिटी" बघा. ८९ डेसिबलच्या जागी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तोच टेप दुप्पट ताकदीचा असल्यासारखा वाजतो, आणि बॅटरीवर एक पैशाचा भार वाढत नाही.

आधी फुकटचे उपाय करा

खिशात हात घालण्याआधी घरीच अर्ध्या तासाची ही पाच कामं करा.

१. सेटिंगमध्ये जाऊन बास, मिड, ट्रेबल सगळं शून्यावर आणा. "लाउडनेस" बंद करा. मग एकेक पॉइंटच वाढवा. बहुतेक गाड्यांत बास पूर्ण वर नेलेला असतो, म्हणून आवाज लवकर फाटतो.

२. फेडरनं आवाज थोडा पुढच्या स्पीकरकडं घ्या. गाणारा समोर बसतो, पाठीमागं नाही.

३. ब्लूटूथवर गाणं लावताना मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त टेपवरून करा. मोबाइल अर्धा आणि टेप पूर्ण असं केलं की खरखर वाढते.

४. गाणं बदला. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा ग्रुप फिरून आलेलं किंवा पेन ड्राइव्हमध्ये शे-दोनशे रुपयांत भरून घेतलेलं गाणं आधीच दाबून दाबून छोटं केलेलं असतं. १२८ केबीपीएसच्या जागी ३२० केबीपीएसचं गाणं घ्या, किंवा गाण्याच्या अ‍ॅपमध्ये क्वालिटी "हाय" करा. खराब बियाणं पेरून खत कितीही टाकलं तरी पीक येत नाही, इथंही तेच.

५. दाराच्या कप्प्यातली नाणी, पाने, पाण्याच्या बाटल्या काढा. निम्मी खडखड तिथली असते.

एवढं करूनच काही जणांचं समाधान होतं. नाही झालं तर पुढं वाचा.

पहिला खर्च : पुढचे दोन स्पीकर

पैसे थोडे असतील तर सगळे पुढच्या दोन दारांवर घाला. मागचे कंपनीचेच राहू द्या.

स्पीकर दोन प्रकारचे मिळतात. एकाला कोअॅक्सियल म्हणतात, त्यात ट्विटर मोठ्या स्पीकरच्या पोटातच बसवलेला असतो. दुसरा कंपोनंट, त्यात ट्विटर वेगळा येतो आणि आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर बसवतात. दारातला आवाज आपल्या गुडघ्याला लागतो, वरचा ट्विटर कानाजवळ येतो, म्हणून कंपोनंटमध्ये शब्द जास्त स्पष्ट ऐकू येतात. चांगल्या नावाच्या कोअॅक्सियलची जोडी साधारण दोन ते चार हजारांपासून मिळते, कंपोनंट त्याच्या दुप्पट धरा.

घेताना तीन गोष्टी तपासा. साइज आणि खोली तपासा, नाहीतर काच खाली घेताना मॅग्नेटला अडकते. ओहम तपासा, कारण टेप ४ ओहमचा असेल आणि स्पीकर २ ओहमचा लावला तर टेप तापतो. आणि आरएमएस तपासा. अ‍ॅम्प नसेल तर शंभर वॉटवाला जड स्पीकर घेऊ नका, कंपनीचा टेप त्याला नीट हलवू शकत नाही.

बसवताना एक चूक लई ठिकाणी होते, ती म्हणजे प्लस-मायनस उलटं लागणं. एका दाराचा कोन पुढं ढकलतो तेव्हा दुसऱ्या दाराचा मागं ओढतो आणि दोघं मिळून बास खाऊन टाकतात. दुकानदार म्हणतो, "साहेब, सबवूफर घ्या." खरं तर दोन वायरी बदलल्या की काम होतं. घरी तपासायचं असेल तर बॅलन्स पूर्ण डावीकडं न्या, मग मधे आणा. मधे आणल्यावर बास वाढण्याऐवजी कमी झाला तर एका बाजूचं कनेक्शन उलटं आहे. स्पीकर हातात असताना पेन्सिल सेलनंही कळतं. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला टेकवला की कोन बाहेर यायला पाहिजे. सेल क्षणभरच टेकवा.

दार म्हणजेच स्पीकरचा डबा

घरातल्या स्पीकरला लाकडी डबा असतो. गाडीत तो डबा म्हणजे दार, आणि दार म्हणजे पातळ पत्रा, त्याला दहा भोकं. स्पीकर पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं हवा ओढतो. पुढची आणि मागची हवा भोकांतून एकमेकांना भेटली की बास तिथंच मरतो. वरून पत्रा स्वतः थरथरतो.

यावर उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट. वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खाली ब्युटाइल रबर. ती दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवतात, आतली मोठी भोकं बंद करतात आणि स्पीकरखाली घट्ट रिंग बसवतात. याचा दुसरा फायदा म्हणजे बाहेरचा आवाजही कमी येतो. समृद्धीवर ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना हे लगेच कळेल. जालन्याहून समृद्धीला लागलं की सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा एकसारखा घूं आवाज सुरू होतो. त्याच्या वर गाणं ऐकायला आपण आवाज वाढवत जातो. गाडी शांत केली तर कमी आवाजातही गाणं पुरतं.

दोन सावधगिऱ्या. छपराला लावायची स्वस्त डांबरी शीट दारात लावू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ती वितळते आणि वास येतो. आणि दाराच्या तळाशी असलेली बारीक भोकं कधीच बुजवू नका. काचेवरून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजली तर दार आतून गंजतं.

अ‍ॅम्प आणि बास, गरज असेल तरच

स्पीकर आणि दार झाल्यावर महिनाभर ऐका. तरी कमी वाटलं तर छोटा चार चॅनलचा अ‍ॅम्प घ्या. दर चॅनलला ४०-५० वॉट आरएमएस छोट्या गाडीला भरपूर होतात. बाससाठी सीटखाली बसणारा छोटा सबवूफर मिळतो, आठ इंची. कुटुंबासाठी तेवढा बस होतो आणि डिक्की मोकळी राहते. खताची बॅग टाकायला जागा पाहिजेच की.

सीटखाली बसवताना पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर हात लावू नका. ते बहुतेक एअरबॅगचे असतात. अ‍ॅम्प किंवा डबा कसायला खाली स्क्रू मारताना पेट्रोलची टाकी कुठं आहे ते बघा, बऱ्याच छोट्या गाड्यांत ती मागच्या सीटखालीच असते. सीएनजी गाडीत सिलिंडर आणि त्याच्या पाइपाजवळ ड्रिल चालवू देऊ नका.

वायर आणि फ्यूज : इथं काटकसर नको

माझी गाडी जिथं जळता जळता राहिली तो हा भाग. घाईत वाचत असाल तर निदान हा भाग तरी नीट वाचा.

३०० वॉट आरएमएसचा चांगला क्लास-डी अ‍ॅम्प पूर्ण ताकदीनं वाजला तर सुमारे २७ अँपिअर करंट ओढतो. ५५ वॉटच्या दोन हेडलाइट मिळून ८ अँपिअरच्या आसपास ओढतात. म्हणजे हा अ‍ॅम्प तीन जोड हेडलाइट एकदम लावल्यासारखा. तो टेपच्या बारीक वायरीवर चालत नाही. त्याला थेट बॅटरीवरून जाड वायर लागते.

आता फ्यूज कशाला? बॅटरी स्टार्टर फिरवताना शंभरच्या पुढं अँपिअर देते. वायर पत्र्याला टेकली तर तेवढाच किंवा त्याहून जास्त करंट वायरीतून धावतो, वायर लाल होते आणि तिच्यावरचं प्लास्टिक पेट घेतं. फ्यूज असेल तर तो आधी उडतो आणि विषय संपतो. अ‍ॅम्पवर बसवलेला फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो. पण बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या दहा-बारा फूट वायरीला तो वाचवत नाही. माझ्या दुकानदारानं हेच सांगितलं होतं, "अ‍ॅम्पमध्ये फ्यूज असतोच की." असतो, पण वायरीच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून वेगळा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच पाहिजे.

काम चालू असताना उभं राहून या गोष्टी बघा :

- वायर पूर्ण तांब्याची आहे का? टोक ब्लेडनं खरवडा. आतून चांदीसारखं पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. तेवढ्याच जाडीत ती कमी करंट झेलते आणि जास्त तापते.

- गेज किती? आकडा जेवढा लहान, वायर तेवढी जाड. वर सांगितलेल्या छोट्या अ‍ॅम्पला तांब्याची ८ गेज, त्याहून मोठ्याला ४ गेज.

- पत्र्याच्या भोकात रबरी बुच बसवलं का? वायरीवर बाहेरून प्लास्टिकची नळी चढवली का?

- अर्थिंग कुठं दिलं? रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, अ‍ॅम्पजवळ, आखूड वायरीनं घट्ट कसलेलं पाहिजे. सीटच्या बेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू देऊ नका.

- बॅटरीची वायर एका बाजूनं आणि गाण्याची वायर दुसऱ्या बाजूनं नेली का? दोन्ही एकत्र नेल्या तर रेस केली की स्पीकरमधून कुंईऽ असा आवाज येतो.

- सगळं झाल्यावर बॅटरीजवळचा फ्यूज काढायला लावा. अ‍ॅम्प बंद पडला पाहिजे. नाही पडला तर वायर फ्यूजला वळसा घालून गेलीय.

बॅटरीचंही भान ठेवा. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. गाडी बंद करून शेतात किंवा लग्नात अ‍ॅम्प वाजवत बसलात आणि सरासरी १० अँपिअर जरी गेले, तर दीड-दोन तासांत बॅटरी निम्मी होते. मग धक्का मारायला माणसं शोधा.

मोठी स्क्रीन म्हणजे चांगला आवाज नव्हे

सध्या नऊ-दहा इंची अँड्रॉइड स्क्रीनची क्रेझ आहे. नकाशा, रिव्हर्स कॅमेरा याला ती छान. पण स्वस्त स्क्रीनमध्ये पैसा काचेवर गेलेला असतो, आवाजाच्या भागावर नाही. काही वेळा कंपनीचा टेपच त्याहून गोड वाजतो. आवाजासाठीच बदलायचं असेल तर स्क्रीन सगळ्यात शेवटी.

बदलताना तुमच्या गाडीसाठी बनवलेलाच कपलर वापरायला लावा. कंपनीची वायर कापून टेप मारू देऊ नका. वायर कापली तर वॉरंटीत इलेक्ट्रिकलचं काम नाकारलं जाऊ शकतं, आणि गाडी विकताना जुना टेप परत बसवता येत नाही. काढलेला टेप आणि स्पीकर घरी जपून ठेवा.

विम्याचंही बघा. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवावी लागते आणि त्यावर थोडा जादा हप्ता बसतो. दाखवली नाही तर चोरी किंवा आगीत त्या वस्तूंचे पैसे मिळणं अवघड. म्हणून पक्कं बिल घ्या.

कान एकदाच मिळतात

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत ठीक मानतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. बंद काचेच्या गाडीत मोठा बास लावला की १०० गाठायला वेळ लागत नाही. मागच्या सीटवर लहान पोरं असतात, ती तक्रार करत नाहीत, पण कान त्यांचेही जातात. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता एवढं समजा.

ऊस वाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर लावून जाणारे आपण रोज बघतो. इंजिनाचा आवाज मुळातच मोठा, त्यावर गाणं. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकूच येत नाही. मागं १०८ ची रुग्णवाहिका असेल आणि तिच्यात आपल्याच गावचं माणूस असेल तर? ट्रॅक्टरवर गाणं ऐका, पण हॉर्न ऐकू येईल एवढंच ठेवा.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आजूबाजूचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र मानतात. दारं उघडून चौकात गाडी वाजवणं त्यात बसत नाही.

शेवटी हिशोब

सगळं एकदम करू नका. आधी फुकटची सेटिंग, मग पुढचे दोन स्पीकर, मग दाराचं डॅम्पिंग, मग गरज वाटली तर अ‍ॅम्प आणि छोटा बास, आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. दर टप्प्याला महिनाभर ऐकून बघा. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यालाच थांबतात आणि निम्मे पैसे वाचतात.

माझ्या गाडीत आता बास ट्यूब नाही. पुढं कंपोनंट स्पीकर आहेत, दारात शीट आहे, छोटा अ‍ॅम्प आहे आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज आहे. तो फ्यूज माझ्या डोळ्यासमोर बसवून घेतला. परवा पुन्हा राजूरला गेलो. आईनं मागून विचारलं, "अभंग कोणता लावलाय रे, शब्द कळायला लागले." त्याच्यापेक्षा मोठी पावती दुकानदार काय देणार?

ज्यांनी आधीच अ‍ॅम्प बसवलेला आहे त्यांनी आज एकच काम करा. बोनेट उघडा आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे का बघा. नसेल तर तो बसवेपर्यंत ती वायर बॅटरीवरून काढून ठेवा. गाडीवाल्या मित्रांनाही हे सांगा, गावच्या ग्रुपवर पाठवा.